बॉनेटवरचे टवके

किती जीव खालीवर करशील गं? घाटात डंपरमागे गाडी चालवली की खडी उडायचीच, रंगाचे टवके निघायचेच. कर्जाचे हप्ते चालू असताना नव्या बॉनेटवर असे ठिपके बघून पोटात गोळा येतो, कळतं मला. पण खरं सांगू का, हे काम तुझ्या हाताने घरी होण्यासारखं आहे.

आधी प्रत्येक टवक्यावरून नख फिरवून बघ. नख अडकलं नाही तर फक्त वरचा पारदर्शक थर खरवडलाय, पॉलिशवर भागेल. तळाशी मळकट राखाडी दिसलं तर ते प्रायमर, त्याला घाई नाही. चकचकीत पत्रा किंवा तांबूस डाग दिसला, तर मात्र पावसाआधी हातावेगळं करायचं. गाडीचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनच असतात गं. उघड्या पत्र्याला पाणी लागलं की गंज रंगाखालून पसरतो. बंपरची चिंता सोड, तो प्लॅस्टिकचा.

आणि एवढ्यासाठी इन्शुरन्स क्लेम करू नकोस हं! क्लेम न केल्याचा बोनस पहिल्या वर्षानंतर 20 टक्के मिळतो आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांवर जातो. एक छोटा क्लेम केलास की तो सहसा शून्यावर येतो. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये हजार-दोन हजार तुझ्याच खिशातून जातात.

आता रंग. नुसता ‘पांढरा’ मागू नकोस, कंपनीचे पांढरेही चार तऱ्हेचे असतात. कलर कोड बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सापडला नाही तर सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून विचार. त्याच कोडची टच-अप बाटली घे.

गाडी धू, पूर्ण वाळू दे, सावलीत लाव. टवक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरव, नाहीतर जुन्या वॅक्सवर रंग धरत नाही. सुटलेल्या कडा टूथपिकने काढ. गंज असेल तर बारीक वॉटर पेपरच्या टोकाने तेवढाच ठिपका घास. उघड्या पत्र्याला आधी प्रायमर, तो वाळल्यावर रंग. बाटलीतला ब्रश जाड असतो, बाजूला ठेव. टूथपिकच्या टोकावर थेंब घेऊन खळग्यात सोड. नेलपेंटचा जाड हात कसा वरून वाळतो आणि आत ओलाच राहतो, तसंच इथे होतं, म्हणून पातळ थर दे आणि मध्ये नीट वाळू दे. वाळल्यावर रंग आक्रसतो, तेव्हा शेवटी तो किंचित वर राहिला तरी चालेल. मग पारदर्शक थर.

नंतर वॉटर पेपर घेऊन सपाट करायचा मोह होईल. थांब गं! बाजूचा चांगला थर घासला गेला तर तो परत येत नाही. थोडा उंचवटा राहू दे. सिल्व्हर किंवा मेटॅलिक रंगात ठिपका जवळून दिसणारच, त्यातले चमकीचे कण हाताने बसवता येत नाहीत. पत्र्यापर्यंत पाणी पोचत नाही ना, मग झालं.

बघ, रंग फुगून वर आला असेल तर मात्र घरी हात लावू नकोस. आत गंज पसरलेला असतो, तो उघडून साफ करायला पेंटरच लागतो. त्याच्याकडे जाताना कोडचा फोटो मोबाईलमध्ये असू दे.