पाठ : जमीन जातांना काय जाणावें

पिंपरी, चिंचवड, भोसरी व पुढें चाकण हा मुलूख पूर्वीं ज्वारी-बाजरीचा होता. १९५४ त पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, व १९७२ त नवनगर विकास प्राधिकरण आलें. कारखान्यांवर आज हजारों घरांच्या चुली पेटतात, हें खरें. परंतु ज्याची जमीन गेली त्याचें काय झालें, हेंही पाहिलें पाहिजे.

१. जमीन व पैसा. जमीन दरसाल पिकते; मोबदला एकदांच येतो, आणि लग्नांत व गाडींत लौकर सरतो. प्राधिकरणानें पुढें साडेबारा टक्के जमीन परत देण्याचें ठरविलें; पण ज्यांच्या जमिनी १९८४ पूर्वीं गेल्या, त्यांस त्यासाठीं अनेक वर्षें झगडावें लागलें. उलटपक्षीं हडपसरजवळ मगरपट्टा येथें सुमारें १२० कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन विकली नाहीं. त्यांनीं ती एकत्र करून, कंपनी काढून, स्वतःच नगर वसविलें. एकीचें बळ हें असें असतें.

२. ज्यांचें नांव उताऱ्यावर नाहीं. मोबदला सातबारावरील नांवास मिळतो. बाप वारल्यावर वारसांची नोंद न केल्यास घरांतच भांडण लागतें. म्हणून फेरफार वेळेवर करावा. १८९४ च्या जुन्या कायद्याच्या जागीं आलेल्या २०१३ च्या कायद्यानें, त्या जमिनीवर तीन वर्षें पोट भरणारे मजूर, कुळें व वाटेकरी ह्यांसही बाधित कुटुंबांत गणलें आहे. भूमिहीनांनीं हें विसरूं नये.

३. नोटीस आल्यावर. ती कोणत्या कायद्याखालीं आहे हें प्रथम वाचवून घ्यावें. महामंडळाचा १९६१ चा कायदा निराळा आहे व मुदतीही निराळ्या आहेत. २०१३ च्या कायद्यान्वयें हरकतीस साठ दिवस असतात. निवाड्याची रक्कम कमी वाटल्यास "हक्क राखून घेतली" असें लिहूनच ती घ्यावी. मुकाट्यानें घेणाऱ्यास पुढें वाढीव रकमेसाठीं दाद मागतां येत नाहीं. कोऱ्या कागदावर अंगठा कधींही देऊं नये.

प्रश्न : (१) आपल्या सातबारावर आज कोणाचीं नांवें आहेत? (२) गांवांतील कोणते मजूर व वाटेकरी बाधित ठरतील? (३) पैसे आल्यास त्यांतून दरसाल उत्पन्न देणारें काय घ्याल?

हे प्रश्न नोटीस येण्यापूर्वींच घरोघरीं विचारावे.