घोडा विकण्याआधी त्याचे कागद : काय करावे, काय टाळावे

गुरुग्राम, नोएडा, छतरपूर या पट्ट्यातल्या फार्महाउसांत आणि रायडिंग स्कूलांत घोड्याचा सौदा बहुतेक वेळा तोंडीच होतो. मालकाची बदली होते, मुलगी शिकायला बाहेरगावी जाते, आणि घाईघाईने गिऱ्हाईक शोधले जाते. कागद आठवतात ते किंमत ठरल्यावर. तोवर पैदासकार फोन उचलेनासा झालेला असतो आणि घोड्याची आई आणखी कुठे विकली गेलेली असते. कागदाविना भाव पडतो हे खरेच. पण त्याहून मोठी काळजी पुढची आहे. ओळख नसलेला घोडा हात बदलत बदलत गाझियाबाद-बागपतकडच्या एखाद्या वीटभट्टीवर पोहोचला, तर त्याचा माग कुणालाच काढता येत नाही.

काय करावे

• आपला घोडा कोणत्या वहीत बसतो, हे आधी ठरवावे. थरोब्रेड असेल तर दिल्लीत हेलपाटे घालू नयेत. भारतीय थरोब्रेडची वंशनोंद पुण्यात, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या स्टड बुक अथॉरिटीकडे असते. मारवाडी असेल तर राजस्थानातल्या जातिसंस्था गाठाव्यात. मारवाडीची रीतसर नोंदणी 2009 मध्ये सुरू झाली. तपासनीस मापे घेतात, जातीच्या निकषांशी ताडून पाहतात, खुणा टिपतात, फोटो काढतात आणि नोंदणी क्रमांक थंड डागाने अंगावर उमटवतात. स्पर्धेत उतरलेल्या घोड्यासाठी इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडची नोंद आणि पासपोर्ट तपासावा.

• घोडा यांपैकी कशातच बसत नसेल, तर तसे सरळ सांगावे. मायक्रोचिप आणि पशुवैद्याने सही करून दिलेले वर्णन, एवढे प्रामाणिक कागद चांगल्या स्वभावाच्या देशी घोड्याला पुरतात.

• जाहिरात देण्याआधी पैदासकाराशी बोलावे. थरोब्रेडची नोंद शिंगरू लहान असतानाच, पैदासकाराकडूनच व्हायची असते. घोडी कोणत्या वळूला कधी दाखवली, शिंगरू कधी झाले, याच्या नोंदी त्याच्याकडेच असतात. आईबापांची डीएनए तपासणी करायची झाली तरी ती जनावरे कुठे आहेत, हे तोच सांगू शकेल. पैदासकाराचे सहकार्य नसेल तर वंशावळीचा दावाच सोडून द्यावा.

• मायक्रोचिप बसवण्याआधी स्कॅनर फिरवून घ्यावा. आधीच्या मालकाने बसवलेली चिप मानेत असू शकते. क्रमांक 15 आकडी असतो. तो प्रत्येक कागदावर तोच आहे ना, हे आकडा-आकडा वाचून पाहावे.

• वर्णन लिहून घेताना पशुवैद्याला भोवरे नोंदवायला सांगावे. आपल्याकडचे जुने जाणकार भोवऱ्यांवरून शुभाशुभ सांगतात. त्यावर कुणाचा विश्वास असो वा नसो, ओळख पटवायला भोवऱ्याइतकी पक्की खूण नाही. कपाळावरचा टिकला, पांढरे पाय, जुने व्रण हेही हवेत. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये. एप्रिल 2022 मध्ये पंजाबातल्या सुनाम इथे एका व्यापाऱ्याने काळा मारवाडी म्हणून 22 लाख 65 हजारांना घोडा घेतला. घरी आंघोळ घालताच रंग उतरला आणि खाली तांबूस देशी घोडा निघाला. चिप वाचली असती, भोवरे ताडले असते, तर ही वेळ आली नसती.

• ग्लँडर्सची तपासणी करून घ्यावी. 2017-18 च्या हिवाळ्यात हा रोग दिल्लीत सापडला, बाधित घोड्यांना दयामरण द्यावे लागले आणि घोड्यांच्या ने-आणीवर बंधने आली. हा रोग माणसालाही होतो. 2009 च्या केंद्रीय कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. रक्ताची खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. नमुना पशुसंवर्धन खात्याच्या पशुवैद्यामार्फत पाठवावा. वंशाचा कागद कितीही भारी असला तरी हा कागद नसताना घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात बांधणे म्हणजे तिथल्या प्रत्येक जनावराचा आणि मोतद्दाराचा जीव टांगणीला लावणे.

• प्रवासाचा दाखला वेगळा काढावा. गुरुग्रामहून दिल्लीमार्गे नोएडाला घोडा नेला की दोन सीमा ओलांडल्या जातात. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे घोडा प्रवासाला योग्य असल्याचे पशुवैद्याचे प्रमाणपत्र लागते.

• विक्रीपत्रात चिप क्रमांक, किंमत, तारीख, माहीत असलेले आजार आणि खोडी लिहाव्यात. मालकी बदलल्याची नोंद संबंधित संस्थेकडे स्वतः करून द्यावी.

काय टाळावे

• «कागद मागून पाठवतो» म्हणून इसार घेऊ नये. मागून कागद क्वचितच जातात.

• मेलेल्या किंवा विकलेल्या घोड्याचे कागद दुसऱ्या घोड्याला चिकटवू नयेत. ही उघड फसवणूक आहे, आणि पुढच्या पिढ्यांची वंशावळही त्यामुळे नासते.

• कान वळलेले दिसले म्हणून जाहिरातीत मारवाडी लिहू नये. काठियावाडीचेही कान तसेच असतात. 1930 च्या मालविक्री कायद्यानुसार माल वर्णनाप्रमाणे असावा लागतो, आणि त्या कायद्यात जनावरेही माल म्हणूनच येतात.

• दलालाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत, प्रती द्याव्यात.

• घोडा न पाहता सही करणारा पशुवैद्य गाठू नये.

• परदेशी गिऱ्हाइकाला मारवाडी, काठियावाडी किंवा मणिपुरी घोडा सहज बाहेर नेता येईल असे सांगू नये. या जातींच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.

• कागद पुरे नसताना घोडा थेट जत्रेत नेऊ नये. कार्तिकात गढमुक्तेश्वर असो की दत्तजयंतीला आपले सारंगखेडा, तिथल्या गर्दीत खुणा तपासायला ना वेळ असतो ना पशुवैद्य मोकळा असतो. शिवाय कुठकुठली जनावरे एकाच पाणवठ्यावर येतात, आणि ग्लँडर्स दूषित पाण्यातून पसरतो. न्यायचेच असेल तर तपासणीचा निकाल हाती आल्यावर न्यावे, आणि पाणी पाजायला आपली बादली घेऊन जावे.