दबोरा न्याय करीत असे

शास्त्रभाग : शास्ते ४:४-५

शब्बाथशाळेत दबोरेची गोष्ट सांगताना आपण सीसरा व त्याच्या लोखंडी रथांपाशी घाईने पोहोचतो. मुलांना लढाई आवडते. पण आधीची दोन वचने सावकाश वाचावीत. लप्पीदोथाची ही पत्नी झाडाखाली बसून न्याय करी आणि लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे जात. याचे तेथे कोणास नवल वाटल्याचे दिसत नाही. नवल आपल्याला वाटते.

बडोद्याच्या मंडळीपुढे या बाबतीत गावातलीच उदाहरणे आहेत. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही केले. मात्र मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्यापर्यंतच! शिकून मुलगी पुढे काय करणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. महाराणी चिमणाबाईंनी तो विचारला. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी परदेशी स्त्रियांचे उद्योगधंदे पाहून आपल्याकडे काय करता येईल, याचा विचार मांडला. १९४९ साली बडोद्यात विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात केवळ पुरुषांपुरता अर्थ निघेल असा शब्द होता. तेथे 'सर्व मानव' असे शब्द आले ते त्यांच्याच आग्रहामुळे.

ही राजवाड्यातली आणि दिवाणांच्या घरची माणसे, असे कोणी म्हणेल. तर मग ख्रिस्ती सेवकाची मुलगी घेऊ. रेव्हरंड सोराबजी खरशेदजी यांची कन्या कॉर्नेलिया १८६६ साली नाशिकला जन्मली. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा तिने १८९२ साली दिली. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा हिंदुस्थानात झाला १९२३ साली. एकतीस वर्षे गेली! मधल्या काळात तिने बंगालमध्ये पडद्यातील विधवांच्या मालमत्तेची कामे पाहिली. परपुरुष वकिलाशी त्या समोरासमोर बोलू शकत नसत. म्हणजे कॉर्नेलियाने कोणाची जागा बळकावली नव्हती. जेथे कोणी पोहोचतच नव्हते तेथे ती पोहोचली.

आज वकील, इंजिनियर, पोलीस अधिकारी होण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडते ते घरी. आई कामावरून सात वाजता आली, तर स्वयंपाक कोणी करायचा? दबोरा न्यायाला बसे तेव्हा लप्पीदोथ काय करीत असे, हे शास्त्र सांगत नाही. येत्या रविवारी मोठ्या वर्गाला हेच विचारावे, आणि मुलग्यांना आधी बोलू द्यावे.