मथळ्यावर कोड लावू नका

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या चार्टना कोड लावायचं काम आम्ही पुण्यात बसून करतो. माझ्याकडे नाकारलेले क्लेम तपासायला येतात. त्यातला गँग्लिऑनचा एक क्लेम मी नव्या मुलांना आवर्जून दाखवते.

ऑपरेशन नोटच्या मथळ्यात 'उजव्या हाताचं गँग्लिऑन' एवढंच होतं. कोडरने तेवढंच वाचून हाताचे कोड लावले: निदानाला एम६७.४४१ आणि शस्त्रक्रियेला २६१६०. खाली मात्र सर्जनने स्वच्छ लिहिलं होतं की छेद मनगटाच्या वरच्या बाजूला घेतला आणि गाठीचा देठ स्कॅफोल्युनेट सांध्याच्या आवरणापर्यंत नेऊन काढला. म्हणजे गाठ मनगटाची, कोड एम६७.४३१ आणि २५१११. विमा कंपनीची पूर्वपरवानगीही मनगटाचीच होती. क्लेम जुळला नाही आणि बिल रुग्णाच्या घरी गेलं. त्या माणसाचा यात काय दोष?

म्हणून नोट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि देठ कुठून निघाला ते शोधा. फुगवटा दिसतो एकीकडे, उगम असतो दुसरीकडे. मनगटाची गाठ पुन्हा झालेली असेल तर २५११२ लागतो, पण 'पुन्हा झालेली' हे डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. जुना व्रण पाहून आपण ठरवायचं नाही. हातासाठी असा वेगळा कोड नाही, तिथे २६१६०च.

बोटांच्या बाबतीत जास्त जपा. निदानाच्या कोडमध्ये डावा-उजवा हात कळतो, बोट कळत नाही. ते फक्त मॉडिफायर सांगतो: डावा अंगठा एफए, उजवा एफ५, उजवं मधलं बोट एफ७. नोटमध्ये नुसतं 'बोट' असेल तर तो लावणार कशाच्या आधारावर? सुईने द्रव काढला असेल तर २०६१२. त्यात जागेचा भेद नाही, निदानात मात्र आहेच.

नोट अपुरी असेल तर डॉक्टरांना क्वेरी पाठवा, आणि तीही उत्तर न सुचवता. 'गाठ मनगटाचीच ना?' असं विचारू नका. 'गाठीचा उगम कोणत्या सांध्यातून किंवा आवरणातून होता, कृपया नोंदवावं' असं लिहा. उत्तर तारखेसह चार्टमध्ये जोडलं जाईपर्यंत क्लेम पुढे जाऊ देऊ नका, दिवसाचं टार्गेट हुकलं तरी चालेल.