पाण्यावरून झालेला छळ : महाड आणि झुरिच

१. प्रास्ताविक
छळ म्हटला की संतप्त जमाव डोळ्यांसमोर येतो. परंतु जमाव पांगल्यावरही छळ संपत नाही. विधी, ठराव आणि कायदा त्याला टिकवून धरतात. महाडच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

२. महाड : १९२३ ते १९३७
सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. वीरेश्वर मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली आणि प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. आंबेडकरांनी अनुयायांना प्रतिहल्ला करू दिला नाही. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनादी वहिवाटीचा दावा सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला.

३. तुलनेसाठी : ॲनाबाप्टिस्ट
महाडच्या चारशे वर्षे आधी युरोपातही पाण्यावरूनच असा छळ झाला. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला न देता, जाणत्या वयात स्वेच्छेने घ्यावा, असे ॲनाबाप्टिस्ट मानत. जानेवारी १५२७ मध्ये झुरिचच्या नगरसभेने फेलिक्स मांझ यांना लिमाट नदीत बुडवून मारले. जणू पाण्याच्या ‘अपराधाला’ पाण्याचीच शिक्षा. १५२९ मध्ये श्पायरच्या साम्राज्यसभेने पुनर्बाप्तिस्म्यासाठी देहदंड फर्मावला.

४. साम्य आणि भेद
एकीकडे श्रद्धेचा प्रश्न होता, दुसरीकडे जन्माने लादलेल्या अस्पृश्यतेचा. तरीही दोन्हीकडे पाण्याला कोणी, कसा स्पर्श करावा हे सत्ताधारी समाज ठरवत होता. महत्त्वाचा भेद प्रतिकारात आहे. म्युन्स्टरचा १५३४-३५ चा सशस्त्र उठाव वगळता बहुतेक ॲनाबाप्टिस्टांनी शस्त्र नाकारले. अनेकांनी राज्यसंस्थेपासूनच दूर राहणे पसंत केले. महाडच्या चळवळीनेही हात उगारला नाही, मात्र तिने राज्यसंस्थेकडे पाठ फिरवली नाही. ज्या कायद्याने तिला अडवले, त्याच कायद्याच्या दारात ती दहा वर्षे उभी राहिली.

५. सारांश
पाणी पिणे ही शरीराची गरज. ते सर्वांच्या तळ्यावर पिणे हा नागरिकत्वाचा हक्क. महाडचा लढा या दुसऱ्या गोष्टीसाठी होता.

स्वाध्याय
१. ‘ठराव होणे आणि हक्क मिळणे यांत अंतर असते.’ महाडच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील जुन्या पाणवठ्यांविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन टिपण लिहा.