स्टेप थेरपीत अपवाद कसा मागावा

अमेरिकेत डॉक्टरांनी लिहिलेलं औषध विम्यातून लगेच मिळेलच असं नाही. संधिवातासाठी डॉक्टर अडालिमुमॅब लिहितात आणि विमा कंपनी म्हणते, आधी मेथोट्रेक्सेट घ्या; गुण नाही आला तर पुढचं बघू. हीच स्टेप थेरपी. मेथोट्रेक्सेटने सुरुवात करणं पुष्कळ रुग्णांसाठी योग्यच असतं. पण ते घेऊन ज्याला अपाय झाला, त्यालाच पुन्हा तिथून सुरू करायला लावणं हा अन्याय आहे. अशा वेळी अपवाद मागता येतो.

फार्मसीतून रिकाम्या हाती परतण्याआधी क्लेम नेमका का नाकारला ते विचारा: स्टेप थेरपीमुळे, पूर्वपरवानगी राहिली म्हणून, की औषध विमा कंपनीच्या यादीतच नाही म्हणून? मग विमा कार्डामागच्या नंबरवर फोन करून आधी कोणतं औषध, किती दिवस घ्यायला हवं ते लिहून घ्या. बोलणाऱ्याचं नाव आणि तारीखही टिपून ठेवा.

खरी मेहनत पुढे आहे. आजवरच्या प्रत्येक औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, कधी आणि का बंद केलं, हे सगळं मांडा. जुन्या विम्यावर घेतलेली औषधंही त्यात धरा. आईवडील भारतातून आले असतील तर पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांचे कागद मागवा, आणि ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहा. तिकडचे ब्रँड इथे सहसा कुणाला ठाऊक नसतात. ‘गुण आला नाही’ एवढ्याने भागत नाही. ‘तीन महिने घेऊनही सूज कायम, यकृताची तपासणी बिघडली’ असं नेमकं हवं.

ही यादी डॉक्टरांना द्या. अपवाद का हवा याचं समर्थन त्यांच्याच पत्रातून जायला हवं. वाट पाहण्यात तब्येतीला धोका असेल तर अर्ज तातडीचा आहे असं त्यांना स्पष्ट लिहायला सांगा. मेडिकेअर या सरकारी योजनेच्या औषध-विम्यात (पार्ट डी) हे पत्र पोचल्यापासून ७२ तासांत, तातडीचं असल्यास २४ तासांत कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

नकार आला तर तो लेखी घ्या आणि अपील करा. नोकरीतून मिळालेल्या विम्यात त्यासाठी साधारण १८० दिवस असतात. तिथेही नकारच मिळाला, तर वैद्यकीय कारणाचा वाद बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांपुढे नेता येतो आणि त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. हा अर्ज करायला अंतिम नकारानंतर ४ महिने मिळतात; ती मुदत चुकवू नका.