राखेतून उठलेलं थिएटर

सबमिशन लेट झालं तर आपण फार तर सरांची बोलणी खातो. व्हेनिसमधल्या दोन इलेक्ट्रिशियननी काय केलं माहितीये? काम रखडलं, दंड बसणार, म्हणून २९ जानेवारी १९९६ च्या रात्री चक्क ऑपेरा हाउसच पेटवलं!

त्याचं नाव 'ला फेनिचे', म्हणजे फिनिक्स. १७९२ मध्ये सेल्व्हा या वास्तुविशारदाने बांधलेलं. १८३६ मध्ये एकदा जळून वर्षभरात पुन्हा उभं राहिलेलं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं सभागृह, एकावर एक बॉक्सच्या रांगा, आणि आत लाकूडच लाकूड. लाकडाने आवाज छान खुलतो. आगही तितकीच छान लागते. त्यात शेजारचे कालवे साफसफाईसाठी कोरडे केलेले. पाण्यात वसलेल्या शहरात बंबवाल्यांना पाणी मिळेना! बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या.

मी सिव्हिलचा, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पुढचं काम भारी आहे. 'जसं होतं तसं, जिथे होतं तिथेच' बांधायचं ठरलं. जुनी ड्रॉइंग सगळं सांगेनात. मग फोटो जमवले. व्हिस्कोन्तीच्या 'सेन्सो' (१९५४) सिनेमाची सुरुवात इथेच चित्रित झालेली, त्यातली नक्षी न्याहाळली. आणि आवाज? आगीच्या थोडंच आधी संशोधकांनी सभागृहाचं ध्वनिमापन करून ठेवलं होतं. हॉल जळाला, रीडिंग्ज उरली.

डिझाइन आल्दो रॉस्सीचं. तो १९९७ मध्येच गेला. काम सहकाऱ्यांनी पुरं केलं. १४ डिसेंबर २००३ ला थिएटर उघडलं. २००४ मध्ये पहिला ऑपेरा झाला तो व्हर्दीचा 'ला त्राव्हियाता'. त्याचा पहिला प्रयोगही इथलाच, १८५३ चा. तेव्हा सपशेल पडला होता!